पाखरांचे गणगोत

भारद्वाज पक्ष्याला महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अनेक नावे आहेत. कोणी त्याला कुंभारकावळा म्हणतात, तर कोणी सोनकावळा. ही नावे ठेवणाऱ्यांची दृष्टी रसिक होती, यात शंका नाही. कावळ्याहून थोडे मोठे अंग, काळाभोर वर्ण आणि त्यावर विटकरी पंखांची शाल! एखाद्या कावळ्याने कुंभाराच्या अंगणात जाऊन आपले पंख भाजक्या मडक्याच्या रंगात बुडवून आणावेत, तसा हा पक्षी दिसतो. परंतु रंगावरून नजर काढून कोणी त्याच्या पायांकडे पाहिले, तर एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. कावळ्याच्या पायाची तीन बोटे पुढे आणि एक मागे असते. भारद्वाजाची मात्र दोन बोटे पुढे आणि दोन मागे असतात. नेमकी हीच ठेवण कोकिळेच्या पायाची. शरीराची इतर लक्षणे तपासली, तरी तीही हाच निर्वाळा देतात. भारद्वाज हा कावळ्याचा कोणी नव्हे. तो कोकिळेच्या कुळातला आहे.

येथे मोठी मौज आहे. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते. तिचे पिल्लू कावळ्याच्या चोचीतून घास घेत लहानाचे मोठे होते. पण म्हणून ते कावळा होत नाही. भारद्वाज स्वतःचे घरटे स्वतः बांधतो आणि लोकांकडून कावळ्याचे नाव घेतो. म्हणून तोही कावळा ठरत नाही. एक कावळ्याच्या घरी वाढलेला, दुसरा कावळ्याच्या नावाने ओळखला जाणारा. आणि खरे नाते आहे ते या दोघांचेच! मग नाते ओळखावे तरी कशावरून? रूपावरून, घरावरून, नावावरून, की आणखी कशावरून? वरवर पाहता हा प्रश्न पोरकट वाटेल. तथापि याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात थोर थोर पंडितांची अडीच शतकांहून अधिक वर्षे खर्ची पडली आहेत.

या शोधाची पद्धतशीर सुरुवात स्वीडन देशातील कार्ल लिनियस या शास्त्रज्ञाने केली. सृष्टीतील जीवांची वर्गवारी करणाऱ्या त्याच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली प्रसिद्ध झाली. तीत त्याने प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव दिले. शाळेच्या हजेरीपटात आधी आडनाव आणि मग नाव लिहावे, तशीच ही रीत आहे. पहिला शब्द घराण्याचा आणि दुसरा त्या घराण्यातील व्यक्तीचा. या रीतीमुळे जगातील सर्व भाषांच्या अभ्यासकांना एका पक्ष्याविषयी एकाच नावाने बोलणे शक्य झाले. लिनियसने पक्ष्यांचे सहा मोठे गट पाडले. आणि ते पाडताना चोच व पाय यांना त्याने विशेष महत्त्व दिले. आपली चिमणीदेखील त्याच्या ग्रंथात आहे.

पण केवळ एखाद्या अवयवावर विसंबून राहिले, की मोठ्या माणसाचीही फसगत होते. खाटीक नावाचा एक लहानसा पक्षी माळरानावर बाभळीच्या शेंड्याला बसलेला दिसतो. त्याची चोच टोकाशी आकड्यासारखी वळलेली असते. तो किडे, सरडे पकडतो आणि कित्येकदा आपली शिकार काट्याला टोचून ठेवतो. म्हणूनच त्याला हे नाव पडले. त्याची वाकडी चोच पाहून लिनियसने त्याला गिधाडे, ससाणे आणि घुबडे यांच्या पंक्तीला नेऊन बसविले. आज हे निश्चित झाले आहे, की खाटीक हा शिकारी पक्ष्यांच्या घराण्यातला मुळीच नाही. तो गाणाऱ्या पाखरांच्या विशाल परिवारातला असून त्या परिवारातही कावळ्याचा बराच जवळचा आप्त आहे. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण पक्षिशास्त्राच्या दारावर लिहून ठेवावी अशीच आहे.

असे का व्हावे? दोन जीवांत सारखेपणा दोन वाटांनी येतो. एक वाट वारशाची. भावाभावांची नाके सारखी असतात, कारण ती एकाच आजोबांकडून आलेली असतात. दुसरी वाट व्यवसायाची. सुताराच्या आणि लोहाराच्या तळहातांना सारखेच घट्टे पडलेले असतात. पण तेवढ्यावरून त्यांना कोणी भाऊ म्हणत नाही. हे घट्टे एका जन्मात पडतात आणि त्या जन्माबरोबर जातात. पक्ष्यांच्या बाबतीत हे काम फार सावकाश चालते. ज्या पक्ष्याची ठेवण त्याच्या उद्योगाला अधिक सोयीची, तो अधिक तगतो आणि अधिक पिल्ले वाढवतो. लाखो पिढ्यांनंतर, ज्यांचा परस्परांशी दूरचाच संबंध आहे असे दोन पक्षी, एकच उद्योग करता करता एकसारखे दिसू लागतात.

भिंगरी आणि पाकोळी यांचे उदाहरण घ्यावे. दोन्ही पाखरे दिवसभर हवेत गिरक्या घेत उडते किडे टिपतात. दोघांचेही पंख लांब व निमुळते, चोच आखूड, जबडा रुंद. लांबून पाहणाऱ्याला ती एकाच आईची लेकरे वाटतात. पण भिंगरी तारेवर ओळीने बसते. पाकोळीला तसे बसता येत नाही. पाकोळीची चारही बोटे पुढे वळलेली असतात. ती जुन्या इमारतींच्या व पुलांच्या उभ्या भिंतींना नुसती लटकते. भिंगरी ही गाणाऱ्या पाखरांपैकी आहे. पाकोळीचे काही जवळचे नातलग पाहायचे, तर समुद्र ओलांडून अमेरिकेत जावे लागेल. तेथे फुलांपुढे हवेत स्थिर राहून मध पिणारा इवलासा गुंजनपक्षी राहतो. तो पाकोळीचा आप्त! आणि त्या गुंजनपक्ष्यासारखाच चकचकीत, लांब चोचीचा, फुलांतील मध पिणारा आपल्या बागेतला शिंजीर मात्र त्याचा कोणी लागत नाही. रूप एकाशी जुळते, रक्त दुसऱ्याशी जुळते. असा हा प्रकार आहे.

सृष्टीतील सर्व जीव परस्परांचे आप्त आहेत आणि वर्गवारी म्हणजे एक प्रकारची वंशावळच होय, हा विचार चार्ल्स डार्विन याने १८५९ साली आपल्या ग्रंथातून जगापुढे मांडला. त्या विचारामागे इतर पुष्कळ पुराव्यांबरोबर काही पाखरांचाही हात होता. १८३५ साली डार्विन पॅसिफिक महासागरातील गालापागोस बेटांवर गेला होता. तेथून त्याने अनेक लहान पक्ष्यांचे नमुने आणले. कोणाची चोच अडकित्त्यासारखी जाड, तर कोणाची सुईसारखी बारीक. त्यामुळे ते पक्षी निरनिराळ्या घराण्यांतले असावेत, असे त्याला वाटले होते. १८३७ साली लंडनमध्ये जॉन गोल्ड या पक्षितज्ज्ञाने ते नमुने नीट तपासले आणि सांगितले, की ही सर्व पाखरे एकाच जवळच्या गटातील आहेत. खाटकाच्या बाबतीत सारख्या चोचीने फसविले होते. येथे निराळ्या चोचींनी फसविले! पुढे डार्विनच्या मनात विचार आला, की एकाच पूर्वजाची संतती बेटांवर पसरली असावी आणि ज्याला जसे अन्न मिळाले, तशी त्याच्या वंशजांची चोच घडत गेली असावी.

या कथेचा एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. कोणते पाखरू कोणत्या बेटावर मिळाले, हे डार्विनने त्यांपैकी बहुतेक नमुन्यांवर लिहूनच ठेवले नव्हते. त्या वेळी त्याला त्याचे महत्त्व वाटले नव्हते. पुढे ही माहिती अत्यंत मोलाची ठरली, तेव्हा जहाजावरील इतरांनी गोळा केलेल्या नमुन्यांचा आधार त्याला घ्यावा लागला. कारण त्यांनी आपल्या नमुन्यांवर बेटांची नावे लिहिली होती. पक्ष्याच्या पायाला बांधलेली एक लहानशी चिठ्ठी! तिच्यावर ठिकाण आणि तारीख एवढेच काय ते लिहायचे. पण ती नसेल, तर मोठ्या बुद्धिमंताचाही हात तोकडा पडतो.

पक्ष्यांची वंशावळ मागे मागे नेत गेले, तर ती कोठे पोहोचते? १८६१ साली जर्मनीतील बव्हेरिया प्रांतात चुनखडीच्या खाणीतून एका प्राण्याचा सांगाडा उजेडात आला. त्याला आर्किऑप्टेरिक्स असे नाव देण्यात आले. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा हा प्राणी होता. त्याला पिसे होती, पंख होते. पण जबड्यांत दात होते, पंखांना नखे होती आणि शेपटीत सरड्यासारखी हाडांची लांब माळ होती. पुढे १९९६ साली चीनमध्ये पिसांसारखे आच्छादन असलेल्या एका लहान डायनोसॉरचे अवशेष सापडले. अशा पुराव्यांवरून पक्षी हे डायनोसॉरांच्याच एका शाखेचे वंशज आहेत, हे आता शास्त्रज्ञांनी मान्य केले आहे. आज जिवंत असलेल्या इतर प्राण्यांत पक्ष्यांची सर्वांत जवळची आप्त कोण, तर मगर! नदीकाठी ऊन खात पडलेली मगर आणि तिच्यापासून हातभर अंतरावर फिरणारी टिटवी यांचे हे फार जुने भाऊबंदकीचे नाते आहे.

रूप फसवे आणि सांगाडे थोडे. मग पक्ष्यांची नाती निश्चित करावीत कशी? या कामी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक नवे साधन हाती आले. प्रत्येक जीवाच्या पेशींत डीएनए नावाचा एक अतिसूक्ष्म धागा असतो. शरीर कसे घडवावे, याच्या सूचना त्यात चार प्रकारच्या रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या असतात. आईबापांकडून पिल्लाकडे ही लिपी नकलून जाते आणि नक्कल होताना अधूनमधून एखादे अक्षर बदलते.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजणे कठीण जाऊ नये. छापखाने नव्हते, त्या काळी ‘ज्ञानेश्वरी’च्या पोथ्या हाताने नकलून घेतल्या जात. नकलणारा कितीही सावध असला, तरी एखादा शब्द बदले, एखादी ओवी वाढे. त्या पोथीवरून जो दुसरी पोथी नकली, तो तो फरकही जसाच्या तसा उतरून घेई. असे पाठभेद फार वाढले, म्हणून संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आता समजा, चार पोथ्या समोर आहेत आणि त्यांपैकी दोहोंत नेमक्या त्याच त्या ठिकाणी तेच ते बदललेले शब्द आढळतात. तर त्या दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असाव्यात, असे जाणकार अनुमान करतो. पोथीचे वेष्टन लाल आहे की पिवळे, याकडे तो पाहत नाही. पक्ष्यांच्या बाबतीत अगदी हेच करण्यात आले. पिसांचे वेष्टन बाजूला ठेवून शास्त्रज्ञांनी आतील अक्षरे ताडून पाहिली.

या ताडणीतून निघालेले निष्कर्ष चकित करणारे आहेत. ससाणा आणि घार हे दोघेही वाकड्या चोचीचे, तीक्ष्ण नख्यांचे शिकारी. त्यामुळे त्यांना एकाच घराण्यातील मानण्यात येत असे. प्रत्यक्षात ससाण्याचे नाते घारीपेक्षा पोपटाशी जवळचे आहे, असे आढळून आले. मुंबईजवळच्या ठाणे खाडीत आणि उजनीच्या जलाशयावर थव्यांनी येणारा रोहित पक्षी उंच पायांचा, लांब मानेचा आणि गुलाबी पंखांचा. त्याला बगळ्या-करकोच्यांचा सोयरा समजावे, असे कोणालाही वाटेल. पण त्याची सर्वांत जवळची आप्त ठरली, ती गावतळ्यात बुड्या मारणारी आखूड पायांची टिबुकली! २०१४ साली ४८ जातींच्या संपूर्ण जनुकीय लिपीवरून, आणि २०२४ साली ३६३ जातींच्या लिपीवरून पक्ष्यांचे वंशवृक्ष तयार करण्यात आले. तरी काही कोडी उरलीच आहेत. दक्षिण अमेरिकेतील होॲत्झिन या विलक्षण पक्ष्याला वंशवृक्षाच्या नेमक्या कोणत्या फांदीवर बसवावे, याबद्दल एवढ्या प्रयत्नांनंतरही खात्री पटलेली नाही. जगात पक्ष्यांच्या सुमारे ११,००० जाती आहेत. एवढ्या मोठ्या गोतावळ्यात एखाद्याचे गोत्र ठरू नये, यात नवल ते काय?

एवढा खटाटोप करून साधायचे काय, असे कोणी विचारील. पाखरू ससाण्याच्या कुळातले की पोपटाच्या, याने पाखराचे काय बिघडते? या प्रश्नाला सातपुड्याच्या एका लहानशा घुबडाने उत्तर दिलेले आहे.

गावाजवळच्या वडाच्या ढोलीत राहणारा पिंगळा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्याशी पुष्कळ साम्य असलेला एक पक्षी मध्य भारताच्या जंगलात एफ. आर. ब्लुइट या इंग्रज गृहस्थाला मिळाला. तो हा पिंगळा नव्हे, हे अ‍ॅलन ह्यूम यांनी ओळखले. पुढे १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. पक्षिशास्त्रातही त्यांचा अधिकार मोठा होता. या पक्ष्याच्या माथ्यावर पिंगळ्यासारखे ठळक पांढरे ठिपके नव्हते. चोच आणि नख्या अधिक दणकट होत्या. ह्यूम यांनी १८७३ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला स्वतंत्र घराणे दिले. हाच रानपिंगळा होय. त्यानंतर खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने त्याचे काही नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी कोणाच्याच दृष्टीस पडेना.

पुढे एक नमुना पुढे आला. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील त्या नमुन्याच्या पायाला चिठ्ठी होती. तो १९१४ साली तापी नदीकाठच्या मांडवी येथे, म्हणजे गुजरातेत, मिळाल्याचे तीवर लिहिले होते. पक्षितज्ज्ञांनी त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला. का ठेवू नये? परंतु पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर या अभ्यासकांनी तो नमुना बारकाईने तपासला. क्ष-किरणांनी त्याच्या आतील भरण पाहिले. पक्ष्याचे कातडे भरण्याची प्रत्येक संग्राहकाची एक खास हातोटी असते. आणि त्या कातड्यात डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा राहिल्या होत्या. जुना नमुना संग्रहालयातून चोरून, उसवून, पुन्हा शिवून त्याच्यावर खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती. कातडे खरे होते. फक्त चिठ्ठीवरचे दोन शब्द खोटे होते. पण तेवढ्याने वर्षानुवर्षे शोधणाऱ्यांची वाट चुकू शकली.

खोटी चिठ्ठी बाजूला सारल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांकडे लक्ष गेले. १९९७ सालच्या नोव्हेंबर महिन्यात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी जुन्या नमुन्यांवर नोंदलेल्या प्रदेशांचा मागोवा घेतला. आणि २५ नोव्हेंबर रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर दिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. शहादे त्या वेळी धुळे जिल्ह्यात होते; आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. तब्बल ११३ वर्षांनी हा पक्षी पुन्हा नोंदीत आला. त्यानंतर तो तोरणमाळला आढळला, मेळघाटात आढळला आणि २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला. या सर्व काळात तो नाहीसा झालेला नव्हता. तो आपल्या सागवनात होता. माणसाच्या नोंदीतून तेवढा हरवला होता.

त्याच्या घराण्याचा वादही पुढे मिटला. ह्यूम यांनी त्याला स्वतंत्र घराणे दिले होते. पुढच्या काहींनी त्याला पिंगळ्याच्या घराण्यात घातले. आणखी काहींनी पुन्हा वेगळे काढले. २०१८ साली भारतातील संशोधकांनी डीएनएच्या आधारे दाखवून दिले, की तो पिंगळ्याच्याच घराण्यातला आहे. जात निराळी, घराणे एक. असा निकाल लागला. ह्यूम यांचे निरीक्षण खरे ठरले आणि अनुमान दुरुस्त झाले. त्यामुळे त्यांचा मोठेपणा कमी होत नाही. पुरावा बदलला की मत बदलावे, ही शास्त्राची शिस्तच आहे.

आणि या निकालाला व्यवहारातही अर्थ आहे. रानपिंगळ्याला साधा पिंगळाच समजले असते, तर त्याचे सागवन तोडताना कोणाला खंत वाटली नसती. पिंगळे गावोगाव आहेतच! तो जगात केवळ मध्य भारताच्या व पश्चिम भारताच्या थोड्या जंगलांत आहे, दुसरीकडे कोठेही नाही, हे कळले म्हणून त्याच्या रक्षणाचा विचार होऊ लागला. ज्याला वेगळे ओळखले गेले नाही, तो नाहीसा झाला तरी कोणाला चुकल्यासारखे वाटत नाही. पक्ष्यांची नाती शोधणे हा म्हणूनच केवळ नावांचा खेळ नव्हे.

या विद्येला आज मोठी यंत्रे आणि परदेशांतील प्रयोगशाळा लागतात, हे खरे आहे. पण तिचा पाया अजून तोच आहे. कोणीतरी एका पाखराकडे नीट पाहतो; त्याचा रंगच नव्हे, तर चोच, पाय आणि बोटेही पाहतो; आणि काय पाहिले, कोठे पाहिले व केव्हा पाहिले, ते त्याच दिवशी लिहून ठेवतो. जे दिसले नाही, ते तो लिहीत नाही. एवढे करावयास मोठी पदवी लागत नाही. वही, पेन्सिल आणि खरेपणा पुरतो. अशी एखादी वही आज कोणाला फारशी कामाची वाटणार नाही. पण शंभर वर्षांनी एखादे हरवलेले पाखरू शोधायला निघालेला माणूस कदाचित तिच्याच एका ओळीवर भरवसा ठेवून रानात पाऊल टाकील.